फुकटच्या लाकडाचा हिशेब

रबराच्या लाकडाच्या खेळण्यांविषयी एक युक्तिवाद आता इतका रुळला आहे, की त्याला कोणी पुरावा मागत नाही. तो असा. रबराचे झाड चिकासाठी लावतात. सातव्या वर्षाच्या सुमारास चीक काढणे सुरू होते. पंचवीस-तीस वर्षांनी उतारा इतका घटतो, की झाड तोडून नवे लावण्यावाचून गत्यंतर नसते. ही खोडे पूर्वी जाळत असत, आता त्यांची खेळणी होतात. म्हणजे खेळण्यासाठी एकही झाड तोडले गेले नाही, जंगलाला हात लागला नाही, प्लास्टिक टळले, आणि लाकूड मुळात नैसर्गिक असल्याने मुलाने ते तोंडात घातले तरी चिंता नाही. शहरातले सुशिक्षित आईबाप हा युक्तिवाद मनापासून मानतात, शाळा मानतात, पर्यावरणावर लिहिणारेही मानतात.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये, ही आपल्याकडची जुनी शिस्त. म्हणून आधी त्याची सर्वांत भक्कम बाजू सांगतो. दक्षिण थायलंडमधला त्रांग हा प्रांत. त्या देशात रबराची पहिली लागवड इथेच झाली असे मानतात. १८९९ साली ही रोपे आणणाऱ्या प्रशासकाचे नाव तिथे आजही आदराने घेतले जाते. रबराच्या लाकडाची खेळणी जगभर पोचवणाऱ्या ‘प्लॅन टॉइज’ या १९८१च्या कंपनीचा कारखानाही त्याच प्रांतात आहे. चीक देऊन झालेल्या झाडांचेच लाकूड घ्यायचे, तोडीआधी तीन वर्षे बागेला खत घालायचे नाही, लाकूड रसायनाविना भट्टीत वाळवायचे आणि उरलेला भुसा दाबून त्यातूनही खेळणी घडवायची, असे ही कंपनी सांगते. बागांच्या मधोमध कारखाना, चाळीसेक वर्षांचा अनुभव, आणि ओंडक्यापासून भुशापर्यंत सगळ्याचा विचार. हे उदाहरण मी मोडीत काढत नाही. माझी हरकत त्यापुढे आहे. एका कारखान्याने घेतलेले कष्ट आपण लाकडाच्या जातीचा गुण म्हणून लिहून टाकतो, आणि मग रबराचे कुठलेही लाकूड, कुठल्याही जमिनीवरचे, कसेही टिकवलेले, आपोआप निर्दोष ठरते.

मला म्हणायचे आहे ते इतकेच: रबराचे लाकूड हे त्या झाडाचे दुसरे पीक आहे. त्याला किंमत आहे, त्यासाठी जमीन लागते, त्यावर प्रक्रिया लागते. पीक म्हणून त्याचा हिशेब मांडला, तर त्यातून खरोखर चांगले खेळणे निघू शकते. टाकाऊ म्हणून त्याला हिशेबातून सोडून दिले, तर शेतकरी, जंगल आणि मूल या तिघांचेही प्रश्न विचारायचे राहून जातात.

लाकूड टाकाऊ होते, हे एके काळी खरे होते, आणि त्याला कारण होते. हेन्री विकहॅमने १८७६ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यातून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, तिथे उगवलेली रोपे श्रीलंकेत आणि मग सिंगापूरला गेली. तेव्हापासून शंभर वर्षे या झाडाकडे सगळ्यांनी सालीपुरते पाहिले. चीक सालीतल्या नलिकांतून वाहतो. पहाटे, झाडातला दाब जास्त असताना, डावीकडून उजवीकडे उतरता काप घेतात आणि चीक करवंटीत उतरवतात. कुशल हात सालीच्या आतल्या वाढीच्या थराला धक्का लागू देत नाही. लाकूड आत निमूट वाढत राहते. ते काढले तर मात्र अतिशय अवखळ. चीक देणारे हे झाड खोडात भरपूर पिष्ट आणि साखर साठवते, त्यामुळे तोडल्यावर दोन-चार दिवसांतच बुरशी चढून लाकडावर निळे-काळे डाग पडतात आणि पाठोपाठ पोखरणारे भुंगेरे त्याचे पीठ करतात. वाळताना फळी पिळते. चिकाची वाटी अडकवण्यासाठी ठोकलेले खिळे आणि पत्रे लाकडात गिळले जातात आणि करवतीचे दात मोडतात. ओंडक्यातून निम्म्याहूनही कमी कापीव लाकूड हाती लागते. म्हणून केरळात ते वीटभट्टीत, चीक गोठवून केलेली रबराची शीट धुरावण्याच्या धुरघरात आणि फळांच्या खोक्यांत गेले. मलेशियात तर साठच्या दशकाअखेरीस लोखंड गाळायच्या भट्टीसाठी त्याचा कोळसा पाडत.

हे चित्र तिथल्याच वनसंशोधकांनी आणि उद्योजकांनी बदलले. तोड झाली की ताबडतोब चिरणे, निर्वात टाकीत दाबाने बोरॉनची द्रावणे मुरवणे, मग भट्टीत वाळवणे, ही साखळी १९७०-८०च्या दशकांत बसली आणि जळाऊ लाकडाचे फर्निचरचे लाकूड झाले. पुढे मलेशियाच्या लाकडी फर्निचरच्या निर्यातीचा बहुतांश भाग याच लाकडावर उभा राहिला. त्याच दिवशी ते टाकाऊ राहिले नाही. युक्तिवाद मात्र जुनाच चालू राहिला.

ज्याला बाजारभाव आहे ते तोडीचा निर्णय बदलते, ही साधी गोष्ट आहे. ‘झाड तसेही तोडलेच जाणार होते’ हे वाक्य झाडाच्या वयाकडे बघते. शेतकरी भावाकडे बघतो. केरळात शीटचा भाव २०११ मध्ये किलोला २४० रुपयांच्या घरात होता, तो २०१६च्या सुरुवातीला शंभराच्या खाली आला. अशा वेळी अर्ध्या हेक्टरच्या मालकापुढे तीन वाटा असतात: तोट्यात चीक काढत राहायचे, बाग तशीच सोडायची, किंवा झाडे विकून मोकळे व्हायचे. लाकडाला गिऱ्हाईक नसेल तर तिसरी वाट उरतच नाही. थायलंडने तर १९६० पासून निर्यातीवरच्या उपकरातून पुनर्लागवडीला अनुदान दिले. म्हणजे झाड कधी तोडायचे यात सरकारी धोरणही बसलेले आहे. आणि झाड तोडल्यावर नव्या बागेचा चीक यायला पुन्हा सहा-सात वर्षे जातात. या काळात मालकाला लाकडाचे पैसे आधार देतात, मधल्या जागेत केळी-अननसही घेता येतात. अर्ध्या वाट्याने चीक काढणाऱ्या टॅपरला यातले काहीच मिळत नाही. लाकूड मालकाचे, काम गेले ते त्याचे. ‘फुकटचे लाकूड’ म्हणताना त्याचे घर कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, याचे मला वाईट वाटते.

पण याहून निर्णायक पुरावा मलेशियातच आहे. तिथे रबराच्या बागा तेलताडाखाली गेल्या, लाकूड कमी पडू लागले आणि फर्निचरवाल्यांची ओरड सुरू झाली. तेव्हा चीक आणि लाकूड दोन्ही भरपूर देणारे वाण काढले गेले, आणि २००६ पासूनच्या सरकारी वनलागवड कार्यक्रमात या वाणांना मुख्य जातींमध्ये स्थान मिळाले. चीक आणि खोडाची वाढ एकाच शिदोरीवर जगतात. सतत चीक काढलेले झाड घेराने कमी वाढते. म्हणून लाकडासाठी जोमदार वाण मुद्दाम निवडावे लागले. टाकाऊ वस्तूसाठी कोणी वाण काढत नाही आणि सरकार कर्ज देत नाही. केलांतान राज्यात या लागवडी राखीव वनांच्या हद्दीत शिरल्या. गुआ मुसांग परिसरातल्या तेमियार आदिवासींनी रबर आणि दुरियनच्या लागवडीसाठी चाललेल्या तोडीविरुद्ध रस्ते अडवले, आणि जानेवारी २०१९ मध्ये मलेशियाच्या केंद्र सरकारने त्यांच्या बाजूने खुद्द केलांतान सरकारवर दावा लावला. ‘रबराच्या लाकडासाठी जंगलाला हात लागत नाही’ असे म्हणणाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा मुद्दा उसावरून चटकन कळेल. मळी आणि बगॅस एके काळी कारखान्याच्या मागच्या दाराची घाण होती. मग त्यांपासून मद्यार्क आणि वीज होऊ लागली, आणि ‘आमच्या उसाच्या मळीचे पैसे कुठे?’ हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि पहिल्या पायरीवरच्या उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के उसाचा भाव म्हणून द्यावेत असे सुचवले, आणि महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदर कायद्यात ते सूत्र घेतले. अंमलबजावणीवर भांडणे आहेत, ती वेगळी. पण उपपदार्थ टाकाऊ नाही, त्यावर पिकवणाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व तिथे कागदावर आले. रबराच्या लाकडाबाबत ते अजून कुठेच आलेले नाही. खेळण्याच्या दुकानात हजाराला विकल्या जाणाऱ्या ठोकळ्यांच्या संचामागे बागायतदाराला लाकडाचा काय भाव मिळाला, हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेले नसते.

आता जमिनीचा प्रश्न. लाकूड कोणत्या झाडाचे, हे सांगून काही कळत नाही. ते झाड लावण्याआधी त्या जागेवर काय होते, हे कळले पाहिजे. चीनमधल्या शीश्वांगबन्ना विभागात १९७६ मध्ये सुमारे ७० टक्के भूमी वनाच्छादित होती, २००३ पर्यंत ती निम्म्याच्या आत आली, आणि त्यात रबराचा वाटा मोठा होता. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उपग्रहचित्रांवर आधारलेला एक अभ्यास आला. १९९३ पासून आग्नेय आशियात रबरापायी ४० लाख हेक्टरांहून जास्त जंगल गेले, हा त्याचा निष्कर्ष. त्याआधीचे अंदाज याच्या मानाने फारच तोकडे होते. त्यातली जी झाडे १९९३ नंतर लगेच लागली, ती आत्ता, या दशकात, तोडीला येत आहेत. त्यांचे लाकूड बाजारात ‘शाश्वत’ म्हणूनच येणार. याउलट, केरळात पेरियारकाठी तट्टेक्काडला १९०२ साली पहिली व्यापारी बाग लागली तेव्हापासून मध्य केरळात कित्येक परसबागांमध्ये रबराची दुसरी-तिसरी पिढी उभी आहे. तिथून आलेल्या फळीने आज नवे जंगल खाल्लेले नाही. दोन्ही फळ्या दिसायला सारख्या, फिकट, गुलाबी झाक असलेल्या. त्यांच्या इतिहासात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि पूर्वपक्ष ते अंतर पुसून टाकतो.

हे सगळे दूरदेशीचे नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत गेल्या काही दशकांत डोंगरउतारांवर रबर आणि अननस चढले आहेत. राधानगरीपासून गोव्याच्या म्हादईपर्यंत आणि पुढे कर्नाटकाच्या भीमगडापर्यंत वाघांची जी वाट आहे, ती याच पट्ट्यातून जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इथे वृक्षतोडीला मनाई केली, ती उगाच नाही. केरळातून आलेल्या बागायतदारांवर सगळा दोष टाकण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. जमीन विकणारा इथलाच असतो, आणि उभ्या जंगलातून त्याला कायद्याने काही मिळेल अशी सोय आपण केलेली नाही. पण उद्या तिल्लारीच्या खोऱ्यातल्या अशा उतारावरचे रबर म्हातारे झाले आणि त्याचे खुळखुळे, गाड्या, ठोकळे झाले, तर त्यावर ‘एकही झाड न तोडता’ असे छापू नये, एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

कायदाही इथे खेळण्याला मोकळे सोडतो. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध जो नियम केला, त्यात रबर आणि लाकूड दोन्ही आहेत, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल नाकारण्याची तरतूद आहे. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण यादी ठरलेली आहे. रबराच्या लाकडाचे कपाट त्या यादीत बसते. खेळणी बसत नाहीत. म्हणजे एकाच बागेतल्या एकाच ओंडक्यापासून कपाट करणाऱ्याने जमिनीचा ठावठिकाणा द्यायचा, आणि उरलेल्या तुकड्यांची आगगाडी करणाऱ्याला कोणी विचारायचे नाही. वनप्रमाणपत्र देणाऱ्या एफएससीने नोव्हेंबर १९९४ ही सीमारेषा अनेक वर्षे धरली होती: त्यानंतर नैसर्गिक जंगल मोडून केलेल्या लागवडीला सहसा प्रमाणपत्र नाही. अलीकडे झालेल्या हानीची भरपाई करण्याच्या अटीवर ही रेषा शिथिल झाली आहे. म्हणून प्रमाणपत्र असले तरी लागवडीचे साल विचारावे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा, मुलाच्या तोंडाचा. नैसर्गिक लाकूड म्हणजे रसायनमुक्त लाकूड, ही समजूत रबराच्या बाबतीत जितकी चुकीची आहे तितकी क्वचितच दुसऱ्या लाकडाच्या बाबतीत असेल. सागाच्या गाभ्यात स्वतःचे तेल असते, कीड त्याला टाळते. रबरात पिष्ट असते, कीड त्याच्याकडे धावत येते. म्हणून जगात विकले जाणारे बहुतेक रबराचे लाकूड बोरिक आम्ल आणि बोरॅक्समध्ये मुरवलेले असते. पूर्वी बुरशीसाठी पेंटाक्लोरोफिनॉलचे क्षार वापरत, ते घातक होते आणि त्यावर बंदी आली. त्या मानाने बोरॉन पुष्कळ सौम्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो लाकडाशी पक्का बांधला जात नाही. ओल लागली की विरघळून बाहेर येतो. आणि खेळणे चघळणाऱ्या मुलाची लाळ म्हणजे ओलच. युरोपात बोरिक आम्ल प्रजननक्षमतेला अपायकारक पदार्थांच्या गटात आहे, म्हणून तिथल्या खेळण्यांच्या नियमात बोरॉनची मर्यादा स्वतंत्र लिहिलेली आहे: खरवडून निघणाऱ्या पदार्थातून किलोमागे १५,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बाहेर पडता कामा नये. ही मर्यादा ओलांडणे नेहमीच्या मात्रेत सोपे नाही, आणि मला कुणा आईबापाला घाबरवायचे नाही. पण नेमके काय घडते ते पाहा. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले, हे फार चांगले झाले. त्या मानकाच्या तिसऱ्या भागात बाहेर पडणारी मूलद्रव्ये तपासतात. ती आठ आहेत: अँटिमनी, आर्सेनिक, बेरियम, कॅडमियम, क्रोमियम, शिसे, पारा आणि सेलेनियम. बोरॉन त्यांत नाही. युरोपच्या यादीत १९ आहेत आणि बोरॉन आहे. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेला घोडा हॅम्बुर्गला गेला तर त्याचा बोरॉन मोजला जातो, पुण्याला आला तर मोजण्याचे बंधन नाही. खोक्यावर मात्र दोन्हीकडे ‘नैसर्गिक’ लिहिलेले.

रसायनाविना भट्टीत वाळवणे शक्य आहे. त्रांगचा कारखाना ते करतो असे सांगतो, आणि पाणी व पिष्ट यांच्या गणितात ते बसतेही, कारण लाकूड वेगाने आणि पुरेसे तापले की आतली अंडी मरतात आणि ओल गेली की बुरशीला थारा राहत नाही. पण त्यासाठी बाग आणि भट्टी यांच्यात अंतर नको, तोडीच्या दिवशीच चिरणी हवी, आणि नंतर लाकूड कोरड्या जागी सांभाळायला हवे. आठवडाभर ट्रकमध्ये भिजत आलेल्या ओंडक्याला हे जमत नाही. तेव्हा रसायनमुक्ती हा अंतराचा आणि शिस्तीचा गुण आहे. लाकडाकडे तो नाही.

इथवरचे खंडन ऐकून दुसरे टोक गाठणारेही आहेत. रबर म्हणजे एकपिकी वाळवंट, त्याचे लाकूड म्हणजे हिरवा मुलामा, म्हणून त्यावर बहिष्कार. हेही मला पटत नाही. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे साडेआठ लाख टन नैसर्गिक रबर पिकले आणि चौदा लाख टन लागले. विमानाचे आणि ट्रकचे टायर नैसर्गिक रबराविना होत नाहीत. ही झाडे उभी राहणारच आहेत, आणि खेळणी घेणे बंद केल्याने त्यांतले एकही कमी होणार नाही. फक्त लाकूड पुन्हा वीटभट्टीत जाईल. जगातले बहुतांश रबर लहान शेतकरी पिकवतात, हेही बहिष्कार घालणाऱ्याने विसरू नये. सुमात्राच्या जांबी भागात जंगली झाडांच्या गर्दीत रबर वाढवण्याची जुनी पद्धत होती, दक्षिण थायलंडच्या पत्तालुंगमध्ये काही शेतकरी आजही रबराखाली फळझाडे राखतात. रबराची बाग वाळवंटच असते असे नाही. ती कशी लावली यावर ते आहे.

म्हणून मंडन असे. खेळण्यासाठी हे लाकूड खरोखर योग्य आहे, आणि त्याची कारणे लाकडाच्या अंगची आहेत. घनता मध्यम, घनमीटरला ६०० किलोच्या आसपास. कण सारखे, वास नाही, खरादावर सफाईने उतरते, काठ लवकर तुटत नाही आणि रंग चांगला धरते. मुख्य म्हणजे खेळण्याला लांब फळी लागत नाही. चिकाच्या कापांनी वेडेवाकडे झालेले बुंध्याचे भाग, कपाटवाल्याने टाकलेले वीतभर तुकडे, यांतून चाक, मणी, ठोकळा निघतो. ज्या लाकडातून निम्मेही हाती लागत नाही, तिथे उरलेल्या लहान तुकड्यांना सर्वांत जास्त मोल देऊ शकणारा धंदा हाच. तो पैसा बागेपर्यंत पोचवायचा तर ओंडका गावाजवळ चिरला पाहिजे, आणि लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे भट्टी असली पाहिजे. कोट्टयमला रबर बोर्ड आहे, पेरुंबावूरला प्लायवुडचा प्रचंड व्यवसाय आहे. तिथे खेळण्याच्या दर्जाचे लाकूड वेगळे काढणे अशक्य नाही.

मात्र सगळ्या खेळण्यांचे लाकूड रबरच व्हावे, ही घाई करू नये. कोंडापल्लीचा कारागीर ज्या पोणिकीत कोरतो ती मऊ आणि हलकी. रबर तिची जागा घेऊ शकत नाही. चन्नपट्टणच्या खरादावर हाले, म्हणजे आपला काळा कुडा, शतकभर फिरला. तिथे मात्र रबर चालते आणि कुड्यावरचा ताण कमी करते. आणि सावंतवाडी? चितार आळीतली लाकडी फळे आणि भातुकली परंपरेने पांगाऱ्याची. पांगारा फांदी रोवून लागतो, कुंपणाला, मिरीच्या वेलाच्या आधाराला. पाने झडली की लाल फुलोरा येतो आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी त्यावर तुटून पडतात. पंचवीस वर्षे थांबावे लागत नाही, लाकूड इतके हलके, की लहान मुलाच्या हातातून पायावर पडले तरी लागत नाही. बांधावर पांगारा लावणाऱ्या माणसाने कधी ‘शाश्वत’ हा शब्द वापरला नसेल, पण जंगल न मोडता खेळण्याचे लाकूड कसे मिळवावे याची याहून सरळ रीत मला तरी माहीत नाही. जिल्ह्यात रबराच्या बागा आल्या म्हणून सावंतवाडीने पांगारा सोडून रबर धरावे, असे कोणी सुचवले तर ते नाकारावे. पांगाऱ्याची कुंपणे पुन्हा लावायला पैसे द्यावेत, आणि खरादाच्या जड कामापुरते जुन्या बागांतले रबर वापरावे.

उत्तर कोकणात रबर पसरवण्याचा मोहही आवरावा. पालघर जिल्ह्यात दापचरीला भारतीय रबर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तिथल्या अभ्यासातून दिसले ते असे, की उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत झाड तगते पण वाढ रखडते, चिकाचे वर्ष पुढे जाते आणि नीट वाढीसाठी पाणी द्यावे लागते. पाणी देऊन रबर आणि मग त्या लाकडाला पर्यावरणपूरक म्हणायचे, याला काही अर्थ नाही.

ईशान्येत मात्र वेळ हातात आहे. त्रिपुरा आज केरळानंतर देशात दुसरे रबरराज्य आहे, आणि २०२१ मध्ये टायर कंपन्यांच्या पैशातून ईशान्य भारत व पश्चिम बंगालमध्ये दोन लाख हेक्टर नवे रबर लावण्याचा प्रकल्प सुरू झाला. यातली झाडे २०५०च्या आसपास तोडीला येतील आणि कोट्यवधी खोडे एकदम बाजारात उतरतील. त्या लाकडाच्या खेळण्यावर काय छापायचे याचा निर्णय तेव्हा होणार नाही. कोणत्या गटातले रोप पडीक जमिनीवर लागले, कोणते झूमची म्हणजे फिरती शेती सोडलेल्या उतारावर, कोणते उभे बांबूवन तोडून, ही नोंद रोप लावणाऱ्या माणसाच्या समोर, नकाशासह, आज करता येते. शेतकऱ्याला अनुदान देताना जमिनीचे कागद घेतलेच जातात. त्यावर लागवडीआधीचे एक छायाचित्र आणि लाकडाच्या विक्रीतला मालक व टॅपरचा वाटा अशा दोन रकान्यांची भर घालायची आहे. तिकडे मानक ब्युरोच्या यादीत आठाच्या जागी नऊ मूलद्रव्ये करायला तर पंचवीस वर्षे थांबण्याचेही कारण नाही.